वाळूंत पुरलेली मोटार

वेल्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नांवाचें एक लहानसें गांव आहे. ओहोटीच्या वेळीं तेथील वाळवंट मैलोगणती सपाट आणि टणक होतें, आणि याच कारणानें १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत वेगाचा उच्चांक मोडूं पाहणारे लोक आपल्या मोटारी घेऊन तेथें येत असत. ता. ३ मार्च १९२७ रोजीं पॅरी-टॉमस नांवाचा एंजिनियर 'बॅब्स' ही आपली मोटार घेऊन त्या वाळूवर उतरला. पूर्वीच्या वर्षीं एप्रिल महिन्यांत त्यानें येथेंच ताशीं १७१ मैलांचा उच्चांक केला होता. परंतु त्या फेब्रुवारींत माल्कम कँबेलनें तो मोडला होता, व टॉमसला तो परत मिळवावयाचा होता. भर वेगांत मोटार उलटली आणि टॉमसचा अंत झाला. त्याचा देह इंग्लंडांत बायफ्लीट येथील चर्चच्या आवारांत विसांवला. मोटार मात्र सोबत्यांनीं त्याच किनाऱ्यावर खड्डा खणून पुरून टाकली.

बेचाळीस वर्षें ती तेथें पडून होती. पुढें तो किनारा लष्कराच्या ताब्यांत गेला आणि पुरलेली जागा लष्करी हद्दीच्या आंत आली. १९६९ सालीं ओवेन विन ओवेन या वेल्समधील एका अध्यापकांनीं परवानगी मिळवून ती मोटार उकरून काढली. जें बाहेर आलें तें पाहून दुसऱ्या कोणी हात झटकले असते. खाऱ्या वाळूनें पत्रा खाऊन टाकला होता, एंजिन गंजानें धरलें होतें. ओवेन यांनीं वर्षानुवर्षें खपून, जें वांचण्याजोगें होतें तें वांचवून आणि जें नाहींसें झालें होतें तें नव्यानें घडवून, ती मोटार पुन्हां उभी केली; इतकेंच नव्हे, तर तिचें एंजिन चालू करून लोकांना तिचा आवाजहि ऐकविला.

हें त्यांनीं योग्य केलें कीं अयोग्य, याविषयीं त्या वेळीं मतभेद झाला, आणि आजहि जुन्या शर्यतीच्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले म्हणजे याच जातीचा वाद निरनिराळ्या रूपांनीं निघतो. आमच्या मतें ओवेन यांनीं योग्य तेंच केलें. परंतु विरुद्ध पक्ष हलका नाहीं, म्हणून त्याचें म्हणणें आधीं नीट मांडलें पाहिजे. ज्या वस्तूपायीं मनुष्याचा प्राण गेला ती त्याच्या मित्रांनीं शोकभरानें पुरली. तो एक प्रकारचा अंत्यविधिच होता. कबर उकरणें आम्हांस जर निंद्य वाटतें, तर ही कबर मोटारीची आहे एवढ्यानें तें कृत्य निर्दोष कसें ठरतें? शिवाय जें बाहेर काढून उभें केलें त्यांत मूळचें किती आणि नवें किती, हाहि प्रश्न आहेच.

पहिल्या आक्षेपाचें उत्तर खुद्द टॉमसच्या चरित्रांत सांपडतें. हा गृहस्थ एका पाद्र्याचा मुलगा. लेलंड कंपनीचा मुख्य एंजिनियर. स्वतः आंखलेली यंत्रें स्वतःच हांकणारा. 'बॅब्स' त्यानें मुळापासून बांधली नव्हती. काउंट लुई झ्बोरोव्स्की नांवाच्या एका श्रीमंत तरुणानें ती केंट परगण्यांतील आपल्या हायम या वाड्यावर तयार करविली होती. (ज्या 'चिटी-बँग-बँग'चें नांव पुढें मुलांच्या गोष्टींतून व चित्रपटांतून जगभर गेलें, त्या नांवाच्या खऱ्या मोटारीहि याच झ्बोरोव्स्कीच्या.) तिच्यांत विमानाचें सत्तावीस लिटरचें लिबर्टी एंजिन बसविलेलें होतें, आणि गतीचे दांते बदलण्याची पेटी एका जुन्या बेंझ मोटारीची होती. १९२४ सालीं झ्बोरोव्स्की इटलींतील माँझा येथें शर्यतींत ठार झाला, आणि ही मोटार टॉमसनें अवघ्या १२५ पौंडांस विकत घेतली. मग त्यानें तिचें रूप पालटलें, एंजिनांत सुधारणा केल्या, नांव बदललें आणि ती स्वतःची केली. म्हणजे मेलेल्या मनुष्याच्या मोटारीस हात लावूं नये असें जर टॉमस मानता, तर 'बॅब्स' जन्मासच येती ना. ओवेन यांनीं टॉमसच्या बाबतींत जें केलें तेंच टॉमसनें झ्बोरोव्स्कीच्या बाबतींत केलें होतें.

आणखी एक गोष्ट. टॉमसच्या मोटारीची चाकें उघड्या सांखळ्यांनीं फिरत असत, आणि त्यांपैकीं एक सांखळी तुटून तिचा तडाखा बसल्यानें तो मेला असेंच लोक बरींच वर्षें सांगत आले. मोटार बाहेर आल्यावर तिच्या अवशेषांवरून या हकीकतीविषयीं शंका निघाल्या; मागचें एक चाक आधीं मोडलें असावें असेंहि मत पुढें आलें. अखेरचा निर्णय कांहींहि होवो. वाळूखालीं ती साक्ष मुकीच राहिली असती. मृताविषयींचा आदर आणि त्याच्या मृत्यूचें कारण शोधणें यांत विरोध आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. चासी एका मोटारीची, एंजिन दुसरीचें, पत्रा परवां ठोकलेला. मग ही तीच मोटार कशी? जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना हा प्रश्न फार छळतो, कारण त्याच्या उत्तरावर किंमत अवलंबून असते. कित्येक प्रकरणीं एकाच क्रमांकावर दोन मोटारींनीं हक्क सांगितलेला आहे. बुगाटी कंपनीच्या १९२४ सालच्या 'पस्तीस' या प्रसिद्ध जातीच्या मोटारी तर अर्जेंटिनांतील एक कारखाना इतक्या हुबेहूब बनवितो कीं अनभिज्ञ मनुष्यानें फसावें. येथें लबाडीला जागा आहे हें आम्ही नाकबूल करीत नाहीं; नवें तें नवें म्हणून सांगितलें पाहिजे, आणि जें सांगत नाहींत ते खोटे नाणें पाडणाऱ्यांच्या पंक्तीस बसतात. परंतु ही नीति विक्रीची झाली. शर्यतीची मोटार ज्या काळीं खरोखर धांवत होती त्या काळीं तरी ती 'मूळची' कोठें होती? आज पिस्टन फुटला, मिस्त्र्यानें रात्रीं नवा बसविला. उद्यां आंस वांकला, दुसऱ्या गाडीचा काढून लावला. तिच्या जगण्याची रीतच ती होती. दसऱ्यास सुतार आपल्या रंध्यास फूल वाहतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्यास धार लावून कामास घेतो. पातें झिजलें तर बदलतो. रंधा बदलला असें त्याच्या घरांत कोणी म्हणत नाहीं.

म्हणूनच १९३४ सालीं इंग्लंडांत ज्या मंडळींनीं 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' काढला त्यांच्याविषयीं आम्हांस विशेष आदर वाटतो. फार पैसा नसलेल्या, पण नव्या मोटारींपेक्षां जुन्याच अधिक प्रामाणिकपणें घडविलेल्या आहेत अशी समजूत असलेल्या तरुणांचा तो क्लब होता. १९३० साल संपेपर्यंत तयार झालेल्या मोटारींस त्यांनीं 'व्हिंटेज' म्हटलें, आणि त्या मोटारी त्यांनीं शर्यतींत व टेकडी चढण्याच्या सामन्यांत पळविल्या. आजहि त्यांचे सभासद तेंच करतात. अशा सभासदाच्या नखांत ग्रीस असतें. ओतीव धातूचें बेअरिंग कसें भरावें, मॅग्नेटोची वेळ कशी जमवावी, आवाज न होऊं देतां दांते कसे बदलावे, हीं ज्ञानें पुस्तकांत पूर्णपणें उतरत नाहींत. एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात. मोटार कांचेआड ठेवली कीं लोखंड टिकतें, हातांतली विद्या मात्र एका पिढींत संपते. आमच्या देशांतहि जुन्या मोटारींच्या मिरवणुकी मुंबईच्या रस्त्यांवरून निघतात, आणि त्यांतील पितळेची झिलई पाहून डोळे दिपतात. तथापि मालकापेक्षां त्या मोटारीखालीं निजून काम करणाऱ्या मिस्त्र्याचें नांव आम्हांस अधिक जाणून घ्यावेंसें वाटतें, आणि तें सहसा छापलेलें नसतें.

आमची खरी भीति पैशाविषयीं आहे. १९५५ सालीं बनविलेली मर्सिडीज कंपनीची एक बंद टपाची शर्यती मोटार २०२२ च्या मे महिन्यांत स्टुटगार्ट येथें साडेतेरा कोटि युरोंस विकली गेली. तशा मोटारी दोनच बनल्या होत्या, आणि मौज अशी कीं त्यांतली एकहि कधीं शर्यतींत उतरली नाहीं. विक्रीचा पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांकरितां ठेवण्यांत आला ही गोष्ट चांगलीच, आणि शाळेच्या मासिकानें तिच्याविरुद्ध बोलणें शोभणारहि नाहीं. परंतु एवढी किंमत एकदां ठरल्यावर त्या जातीच्या दुसऱ्या मोटारींचे धनी पावसाळी रस्त्यावर त्या कशाला काढतील? वाळूंत पुरणें आणि कुलुपांत पुरणें यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. आणि पेंडाइनच्या लोकांनीं निदान दुःखानें पुरली होती.

जुन्या मोटारी पळवाव्या असें म्हणतांना धोका विसरून चालणार नाहीं. इटलींत ब्रेशाहून रोमला जाऊन परत येण्याची हजार मैलांची 'मिल्ले मिल्या' ही शर्यत उघड्या रस्त्यांवरून होत असे. १९५५ सालीं स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेंकिन्सन यांनीं ती दहा तास सात मिनिटें अठ्ठेचाळीस सेकंदांत पुरी केली. त्यांच्या मोटारीवरील ७२२ हा आंकडा सकाळीं सात वाजून बावीस मिनिटांनीं सुटण्याचा होता. दोनच वर्षांनीं त्याच शर्यतींत एक मोटार प्रेक्षकांत घुसली, हांकणारे दोघे व नऊ प्रेक्षक मेले, आणि त्या नवांत पांच मुलें होतीं. शर्यत बंद पडली ती योग्यच झालें. १९७७ पासून त्याच मार्गाच्या स्मृतीनें जुन्या मोटारी पुन्हां धांवतात, पण आतां कसोटी वेगाची नसून ठरलेल्या वेळेंत अचूक पोंहोंचण्याची आहे. मोटार चालविणें म्हणजे ती मरेतों पिटाळणें नव्हे, हा विवेक या शौकिनांनीं दाखविलेला आहे.

टॉमसच्या कबरीपासून जवळच ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं बांधलेला काँक्रीटचा शर्यतमार्ग आहे. १९३९ सालीं युद्धामुळें तो बंद झाला आणि पुन्हां शर्यतींकरितां उघडला नाहीं. त्याच्या उंच कडेचे कांहीं भाग अद्याप उभे आहेत, आणि फटींतून गवत उगवलें आहे. जॉन कॉब यानें 'नेपियर-रेल्टन' या मोटारींतून १९३५ सालीं तेथें ताशीं १४३.४४ मैलांचा फेरा मारला. तो उच्चांक आतां कोणास मोडतां येणार नाहीं, कारण मोडावयास मार्गच उरला नाहीं. या मोटारीनें युद्धानंतर विमानांच्या छत्र्यांची परीक्षा करण्याचें हलकें कामहि केलें. १९९७ सालीं ती तेथील संग्रहालयानें मिळविली. तिला ब्रेक मागच्याच चाकांस आहेत. संग्रहालयाचे लोक तिला नुसती पुसून ठेवीत नाहींत. प्रसंगविशेषीं तिचें बारा सिलिंडरांचें विमानी एंजिन चालू करतात, आणि जमलेलीं मुलें आधीं कान झांकतात व मग पुढें सरकतात.