जुनं ऑटोमॅटिक स्क्रीन प्रिंटिंग मशीन घेताय? स्वस्तातला सौदा महाग कधी पडतो?

टी-शर्ट छापणाऱ्या छोट्या कारखान्यांना जुनं ऑटोमॅटिक मशीन नव्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. पण किंमत ठरवण्याआधी चार गोष्टी बघाव्या लागतात.

रंग जागेवर बसतात का? सहा रंगांचं डिझाईन म्हणजे सहा स्क्रीन. मशीन झिजलं असेल, तर रंग सरकतो आणि माल परत येतो. म्हणून नुसत्या व्हिडिओवर सौदा करू नये. एकच डिझाईन प्रत्येक पॅलेटवर छापून नमुने शेजारी-शेजारी ठेवावेत.

वरचा खर्च किती? कॉम्प्रेसर, थ्री-फेज वीज, ड्रायर, वाहतूक आणि जोडणी याचा हिशेब वेगळा.

सुटे भाग मिळतात का? कंट्रोल बोर्ड बंद पडला आणि नवा मिळाला नाही, तर चांगलं मशीनही भंगारात जातं.

काम पुरेसं आहे का? दहा टी-शर्ट असोत की हजार, स्क्रीन बनवून मशीनवर लावायला तेवढाच वेळ जातो. छोट्या ऑर्डरसाठी आता डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर उतरवण्याची डिजिटल पद्धत, सोयीची पडते.

थोडक्यात, मोठ्या ऑर्डर वर्षभर हातात असतील तरच हे मशीन आपला हप्ता स्वतः फेडतं. नाहीतर ते जागा अडवून बसतं.