डिपस्टिक कोणी काढून नेली?

स्वयंचलित गिअरच्या मोटारीत इंजिनाच्या तेलाखेरीज आणखी एक तेल असते. ते बहुधा लाल रंगाचे असते, आणि गिअर बदलण्याचे काम चालकाच्या हातापायांऐवजी त्याच्या दाबाने होते. जुन्या अमेरिकन मोटारींत या तेलासाठी स्वतंत्र डिपस्टिक असे. मालकाने बॉनेट उघडावे, पट्टी पुसून पुन्हा बुडवावी, तेल लाल आहे की तपकिरी झाले, त्याला जळका वास येतो की काय, हे पाहावे. आणि गरज भासल्यास सुटीच्या दिवशी दारातच गाडी उचलून, तळाचे पॅन सोडवून, ते बदलून टाकावे. मोटार दुरुस्तीचे शिक्षण न घेतलेल्या असंख्य नोकरदार व कामगारांनी तिथे हे काम स्वतःच्या हातांनी केले.

पुढे अनेक कंपन्यांनी ती डिपस्टिकच काढून टाकली. हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले आहे, ते बदलावे लागत नाही, असे ग्राहकाला सांगण्यात आले. कोणाच्या आयुष्यभरासाठी, हे मात्र सांगण्यात आले नाही. जर्मनीतील झेडएफ ही कंपनी कित्येक नामांकित मोटारींचे गिअरबॉक्स बनवते. तिची स्वतःची शिफारस अशी की, हे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरनंतर, किंवा फार तर आठ वर्षांनी बदलावे. म्हणजे गिअरबॉक्स घडवणारा म्हणतो बदला, आणि तोच गिअरबॉक्स बसवून मोटार विकणारा म्हणतो गरज नाही. पहिल्या मालकाच्या हमीची मुदत संपेपर्यंत गाडी चालली की विक्रेत्याचे काम भागते. झीज भोगावी लागते ती जुनी गाडी घेणाऱ्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाला, आणि तो सहसा कमी ऐपतीचा असतो.

हे काम सोपे आहे, असे नव्हे. पॅनमधून काढले तरी बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. त्यामुळे एका वेळी काही भागच बदलता येतो. तेलाची जात चुकली तर क्लचच्या चकत्या घसरतात. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पातळी तपासायची तर गाडी अगदी समतल उभी हवी, इंजिन चालू हवे आणि तेल ठरावीक तापमानाला हवे. काही गिअरबॉक्समध्ये ते ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असावे लागते. ते तापमान वाचायला उपकरण लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे तर जिवावर बेतणारे आहे. तथापि या अडचणी माहिती देऊन दूर होणाऱ्या आहेत. नेमके तापमान, तेलाची जात, बोल्ट किती आवळायचा, हे मालकाला सांगण्यात कसला धोका? धोका असलाच तर तो सर्व्हिस सेंटरच्या उत्पन्नाला आहे.

कायदा उभा राहिला की उद्योगाला मार्ग सापडतो, याचा दाखला याच तेलाच्या इतिहासात आहे. एकेकाळी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० साली अमेरिकेने या प्राण्याला संकटग्रस्तांच्या यादीत घातले, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. दुरुस्तीबाबतही तेच घडले. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, आमच्याच छापाचे सुटे भाग वापरले तरच हमी लागू राहील, अशी अट घालण्यास मनाई केली. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न मतदारांपुढे आला, तेव्हा ८६ टक्के मते बाजूने पडली. २०२० मध्ये मोटारीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीवरही मालकाचा हक्क मतदारांनी मान्य केला. वाहन उत्पादकांच्या संघटनेने तो कायदा लगेच न्यायालयात नेला!

मोटारवाल्यांच्या या तक्रारीशी श्रमिकांच्या पक्षाला काय देणेघेणे, असे कोणी कार्यकर्ता विचारील. आपल्याकडे २०१४ नंतर स्वस्त मोटारींत आलेल्या एएमटी गिअरमध्ये तर हे लाल तेल नसतेही. पण प्रश्न तेलाचा नाही. सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावरचा गॅरेजवाला आणि त्याच्या हाताखालचा पोरगा यांची भाकरी याच कुलपाआड अडते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. प्रकरणे अर्थातच अपिलात गेली. ज्या डिअर कंपनीवर ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची अडवणूक केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये खटला भरला, तिचा ट्रॅक्टरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. अमेरिकेतला शेतकरी आज ज्या संगणकी कुलपाशी झगडतो, ते इथल्या बांधावर यायला व्हिसा लागत नाही.

समाजवाद्यांनी उत्पादनसाधनांच्या मालकीची चर्चा पुष्कळ केली. वापरणाऱ्याच्या हाती यंत्र किती उरते, ही चर्चा मागे पडली. गांधीजींनी शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून वगळले होते आणि डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता. दोघांच्याही दृष्टीसमोर माणसाच्या हुकमतीत राहणारे यंत्र होते. मालकाला उघडता न येणारे यंत्र आकाराने कितीही लहान असो, ते त्या व्याख्येत बसत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केले. शेती अवजारे व मोटारी तिच्या कक्षेत आहेत. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. दुरुस्तीची पुस्तिका प्रत्येक वाहनासोबत मराठीत द्यावी, तपासणीची साधने वाजवी दराने कोणालाही मिळावीत, आणि काढलेले तेल गटारात न जाता गोळा व्हावे यासाठी नगरपालिकांनी केंद्रे उघडावीत, या मागण्या गॅरेज कामगारांना व रिक्षा-टॅक्सी संघटनांना बरोबर घेऊन तालुक्या-तालुक्यात मांडता येण्याजोग्या आहेत. त्यांतली शेवटची मागणी तर पालिकेच्या पुढच्या सभेतही ठेवता येईल.