स्वर ओसरल्यावर उरते काय?

२९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा नेहमीच्याच शिस्तीत पार पडला. मात्र त्यातील एक धून बदललेली होती. प्रजासत्ताक दिनाच्या समारोहाची सांगता करणाऱ्या या कार्यक्रमात अनेक दशके ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत वाजविले जात असे. हेन्री फ्रान्सिस लाइट या अँग्लिकन धर्मोपदेशकाने ते १८४७ मध्ये लिहिले होते आणि महात्मा गांधींना ते प्रिय होते. त्या वर्षी त्याच्या जागी कवी प्रदीप यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची धून वाजली. अवघ्या आठ दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, ज्या कंठाने ते गीत अजरामर केले त्या लता मंगेशकर निवर्तल्या, आणि तेच स्वर पुन्हा एकदा देशभर घुमले.

या बदलावर अपेक्षेप्रमाणे वाद झाला. एका बाजूस परंपरा मोडल्याची हळहळ होती, तर दुसऱ्या बाजूस आपल्या वीरांना आपल्याच सुरांत निरोप दिला गेल्याचे समाधान होते. स्वतंत्र राष्ट्राने आपल्या हुतात्म्यांसाठी आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत शोक करावा, ही अपेक्षा सर्वथा रास्त आहे. परंतु धून बदलली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. धून कोणाची, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न त्या वादात कोणी विचारला नाही. ती धून ऐकून डोळ्यांत आलेले पाणी पुढे जाते कुठे?

बिगुलाचे मोजके स्वर

युद्धस्मारकासमोर बिगुल वाजू लागला की गर्दी आपोआप स्तब्ध होते. ‘लास्ट पोस्ट’ या नावाने ओळखली जाणारी ही धून जगातील अनेक सैन्यांत, भारतीय सैन्यातही, हुतात्म्यांना मानवंदना देताना वाजविली जाते. मुळात मात्र तिचा मृत्यूशी काहीही संबंध नव्हता. ब्रिटिश सैन्याच्या छावणीत रात्रीची गस्त शेवटच्या चौकीपर्यंत पोहोचली, सारे काही ठीक आहे, दिवस संपला, एवढेच सांगणारा तो रोजचा इशारा होता. छावणीतला हा साधा संकेत पुढे सैनिकाच्या अंत्यसंस्कारात वाजू लागला आणि त्याचा अर्थ पालटला. इथे एका आयुष्याची गस्त पूर्ण झाली, असे तो सांगू लागला.

या धुनेचे साधन पाहिले तर आश्चर्य अधिकच वाढते. बिगुलाला बासरीसारखी छिद्रे नसतात की कळा नसतात. वादकाचा श्वास आणि ओठांचा ताण यांच्या बळावर त्यातून मोजकेच स्वर निघतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर षड्ज, गांधार आणि पंचम, तेही खालच्या-वरच्या सप्तकांत. मींड नाही, गमक नाही, करुणेसाठी आपण ज्यांच्याकडे वळतो तो एकही कोमल स्वर नाही. तरीही ऐकणाऱ्याच्या घशाशी हुंदका दाटतो.

याचा अर्थ असा की, ते सामर्थ्य केवळ स्वरांतून येत नाही. त्या स्वरांच्या आधी झुकलेली शस्त्रे, नंतरचे मौन, वर्षानुवर्षे त्याच क्षणी तीच धून ऐकलेल्या पिढ्या, हे सारे मिळून त्या धुनेला अर्थ देतात. मंत्राचे सामर्थ्य पुरश्चरणात असते, असे आपल्याकडे मानले जाते. स्मरणसंगीताचेही तसेच आहे.

तीस हजारांहून अधिक संध्याकाळी

नित्यतेचे हे बळ पाहायचे असेल, तर बेल्जियममधील ईप्र या नगराकडे पाहावे लागेल. तेथील मेनिन गेट हे पहिल्या महायुद्धाचे स्मारक १९२७ मध्ये उभे राहिले. ज्यांचे देहही सापडले नाहीत, अशा सुमारे ५४ हजार सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत चारशेहून अधिक नावे भारतीय सैनिकांची आहेत. ऑक्टोबर १९१४ मध्ये हे जवान साम्राज्याच्या आदेशाने सातासमुद्रापार, ना ओळखीच्या ना आपल्या अशा भूमीवर, तिथल्या चिखलात आणि थंडीत लढले. त्यांच्या शौर्याचे श्रेय साम्राज्याने घेतले आणि स्वतंत्र भारतातही त्यांची फारशी आठवण कोणी ठेवली नाही.

मेनिन गेटपाशी मात्र १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता रहदारी थांबते आणि स्थानिक अग्निशमन दलाशी निगडित बिगुलवादक ‘लास्ट पोस्ट’ वाजवतात. दुसऱ्या महायुद्धात नगर जर्मनांच्या ताब्यात गेले तेव्हा हा क्रम खंडित झाला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी नगर मुक्त झाले आणि त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. काही भागांत तर अजून लढाई चालूच होती. २०१५ च्या जुलै महिन्यात या मानवंदनेने तीस हजारांचा टप्पा ओलांडला.

पाऊस असो वा हिमवर्षाव, श्रोते हजार असोत वा मोजके, बिगुल वाजतो. हे काम कोणी मंत्री करत नाही. एका गावाने पिढ्यान् पिढ्या अंगीकारलेले ते व्रत आहे. परक्या भूमीवर पडलेल्या भारतीय जवानांच्या नावांसमोर परके नागरिक रोज उभे राहतात. हे पाहिल्यावर आपण आपल्या माणसांसाठी काय करतो, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

दगड राहिला, नाव गेले

वीरांच्या स्मरणाची परंपरा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातील असंख्य गावांत मंदिराच्या आवारात, वेशीजवळ किंवा शेताच्या बांधावर वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर त्याची कीर्ती आचंद्रसूर्य टिको असे सांगणारे चंद्र-सूर्य. गावासाठी, गाईगुरांसाठी, धन्यासाठी लढून पडलेल्यांची ही स्मारके आहेत. परंतु यांतील बहुसंख्य शिळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. हा कोण, कधी पडला, कोणासाठी पडला, हे आज गावातील कोणालाही सांगता येत नाही. काही ठिकाणी तर त्या शिळेला शेंदूर लागला, तिचा देव झाला. माणूस मात्र हरवला.

आता दुसरे उदाहरण पाहावे. सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. शाहीर तुळशीदासाने त्यांचा पोवाडा रचला. डफ आणि तुणतुण्याच्या साथीने तो गावोगाव गाइला गेला. अक्षरओळख नसलेल्या घरांतही उमरठचे तानाजी, लहानग्या रायबाचे लग्न आणि शेलारमामा पोहोचले. तपशिलांविषयी इतिहासकार वाद घालतील, तो त्यांचा अधिकार आहे. पण नाव पुसले गेले नाही. दगडाला जे साधले नाही, ते शाहिराच्या कंठाला साधले. पोवाडा नाव घेतो, गाव सांगतो, प्रसंग उभा करतो आणि शेवटी ऐकणाऱ्याला ताठ उभे करतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायी भाव शोक, तर वीर रसाचा स्थायी भाव उत्साह मानला आहे. हुतात्म्यांचे स्मरण या दोहोंच्या सीमेवर उभे असते. त्याचा आरंभ शोकात होणे स्वाभाविक आहे. पण त्याची परिणती उत्साहात, म्हणजे कर्तव्याच्या संकल्पात झाली नाही, तर ते स्मरण अपुरे राहते. आपले शाहीर हे जाणत होते.

गीत दिल्लीत, जवान बर्फात

स्मरणगीताचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही एकाच प्रसंगात पाहायची असतील, तर २७ जानेवारी १९६३ हा दिवस आठवावा. चीनबरोबरच्या युद्धातील मानहानीची जखम ताजी होती. दिल्लीत राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आणि पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत लतादीदींनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायले. शब्द कवी प्रदीप यांचे होते आणि संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकर यांचे. पंडितजींसह सारी सभा गहिवरली. पराभवाने खचलेल्या समाजाला त्या गीताने रडू दिले आणि सावरलेही. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्याच दिवशी लडाखमधील रेझांग ला येथे काय स्थिती होती? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँ पलटणीच्या चार्ली कंपनीने मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथे अखेरपर्यंत लढा दिला होता. सुमारे १२० जणांच्या त्या तुकडीतील ११४ वीर कामी आले. दिल्लीत सभा अश्रू ढाळत होती, तेव्हा यांतील बहुतेकांचे देह बर्फाखालीच होते. फेब्रुवारी १९६३ मध्ये ते सापडले, कित्येकांच्या हातांत अजूनही शस्त्रे होती. त्यांच्या पराक्रमाची कहाणी त्यानंतरच देशाला पटली.

जुन्या .३०३ रायफली आणि अपुरे गरम कपडे देऊन जवानांना त्या उंचीवर पाठविणाऱ्या धोरणाला गीताने प्रश्न विचारायचा नसतो. ते गीताचे काम नव्हे, ते समाजाचे काम होते. पराभवाची कारणे तपासणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल तयार झाला, पण त्यानंतर इतकी सरकारे आली आणि गेली, तरी एकाही सरकारने तो अधिकृतपणे जनतेसमोर ठेवला नाही. गीत मात्र दरवर्षी वाजत राहिले. डोळे पुसून घरी जाण्याची सोय गीताने करून दिली असे नव्हे. ती सोय समाजाने स्वतःच करून घेतली. अश्रू हे ऋण मान्य केल्याची खूण असते. त्यांना ऋणाची परतफेड समजणे हाच खरा प्रमाद आहे.

व्रत हवे, वार्षिक कार्यक्रम नव्हे

गेल्या काही वर्षांत चित्र पालटू लागले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारकाचे लोकार्पण झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे कोरली गेली. इंग्रजांनी बांधलेल्या इंडिया गेटवरील नावे साम्राज्याच्या युद्धांतील होती. प्रजासत्ताकाला स्वतःच्या वीरांची नावे राजधानीत एकत्र वाचता यायला सात दशके लागली. या स्मारकात सायंकाळच्या मानवंदनेच्या वेळी एखाद्या हुतात्म्याच्या नातलगाच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण करण्याची प्रथा आहे. स्वर, नाव आणि कुटुंब यांना एकत्र आणणारी ही योग्य दिशा आहे.

परंतु दिल्लीत जे घडते ते गल्लीत घडते का? १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला चौकाचौकांत सकाळपासून ध्वनिवर्धक सुरू होतात. ज्या गीतासमोर उभे राहायचे, ते गीत चहा-फराळाच्या गलबल्यात, दोन चित्रपटगीतांच्या मध्ये दहा-दहा वेळा वाजते. कोणी ऐकत नाही आणि कोणी थांबत नाही. स्वस्त झालेला स्वर मनाला स्पर्श करेनासा होतो. ‘लास्ट पोस्ट’ एकदाच वाजतो आणि त्यानंतर शांतता असते, हे त्याच्या परिणामाचे मोठे रहस्य आहे. आपल्या उत्सवप्रिय समाजाने निदान या एका बाबतीत संयम शिकायला हवा.

सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि आजही तिथल्या घराघरांतून मुले सैन्यात जातात. पण प्रत्येक तालुक्यात अशी चार-दोन घरे असतात, जिथे हार घातलेल्या गणवेशातील छायाचित्राखाली वृद्ध माता-पिता बसलेले असतात. वर्षातून एकदा त्यांना शाल-श्रीफळ मिळते. हुतात्म्याचा नेमका स्मृतिदिन मात्र त्या घराबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो.

इथे करण्याजोगे काम साधे आहे आणि त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेने आपल्या गावातील, आपल्या प्रभागातील हुतात्म्यांची नावे शोधावीत. स्मृतिदिनी सकाळच्या प्रार्थनेनंतर त्याचे नाव, पलटण, ठिकाण आणि वर्ष एका विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावे. त्यानंतर एकच गीत किंवा एकच धून, ध्वनिफितीवर नव्हे तर मुलांच्या कंठातून अथवा शाळेच्या बँडवर, सर्वांनी उभे राहून ऐकावी. मग दोन मिनिटे निःशब्द राहावे. गावात शाहीर असेल तर त्याला गावच्या जवानाचा पोवाडा रचायला सांगावे. आणि त्या दिवशी चार माणसांनी त्या घरी जाऊन, शेतीचे, पेन्शनचे, औषधपाण्याचे काही अडले आहे का, हे विचारावे. या शेवटच्या पावलाशिवाय आधीचे सारे केवळ समारंभ ठरेल.

धून कोणती असावी, हा प्रश्न आता सुटल्यासारखा आहे. आपली गीते आहेत, आपले वाद्यवृंद आहेत, आपले शाहीर आहेत. प्रश्न उरतो तो ऐकणाऱ्यांचा. दोनशे वर्षांनी आपशिंग्याच्या किंवा अन्य कोणत्या गावच्या वेशीवर एखादे स्मारक उभे असेल. त्याच्यासमोरून जाणाऱ्या मुलाला ते कोणाचे आहे हे सांगता यावे की त्या स्मारकाचाही एक मुका वीरगळ व्हावा, याचा निर्णय आजच्या पिढीच्या हाती आहे.