अंधारातले ढग

आर्क्टिकचा बर्फ वितळला की समुद्र उघडा पडेल, वाफ वाढेल, ढग दाटतील, ऊन अडेल आणि बर्फ पुन्हा धरेल. निसर्ग आपली घडी आपणच बसवतो, असा दिलासा देणारी मंडळी अधूनमधून भेटतात. हिशेब सुबक आहे, फक्त त्यात ऋतू चुकला आहे.

ऐन उन्हाळ्यात उघड्या पाण्यावर जादा ढग फारसे धरत नाहीत. पाणी थंडगार, वरची हवा त्याहून उबदार. अशा हवेत बाष्प वर चढतच नाही. दरम्यान हिमाच्छादित बर्फ जे ८० टक्के ऊन परत पाठवत होता, त्यातले बहुतेक काळ्या पाण्यात मुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा गारठली की हा तापलेला समुद्र वाफा सोडू लागतो आणि ढग येतात. पण तोवर सूर्य बुडायला आलेला. अडवायला ऊनच उरलेले नसते. मग हे ढग गोधडीचे काम करतात आणि समुद्राची ऊब निसटू देत नाहीत. बर्फ उशिरा धरतो, पातळ धरतो.

ही गोधडी किती जाड? ध्रुवीय रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४० वॅट उष्णता वर निघून जाते. गोठणबिंदूखालीही न गोठलेल्या थेंबांचा ढग वर आला की ही गळती जवळपास थांबते. त्यात दक्षिणेकडून दमट हवेचे लोट घुसतात. एप्रिल २०२०मध्ये बर्फात मुद्दाम अडकवून ठेवलेल्या ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजाने असाच लोट अनुभवला. कडाक्याच्या थंडीतून पारा थेट शून्याजवळ गेला.

पांढऱ्या बर्फावरचा पांढरा ढग उपग्रहाला नीट ओळखू येत नाही, अंधारात तर त्याहून नाही. तिथे माणसेच बसवावी लागतात. भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र स्वालबार्डवर २००८पासून आहे. मात्र तिथली पहिली हिवाळी मोहीम निघायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. एवढी वर्षे आपण मुख्यतः उन्हाळी हजेरी लावत होतो! वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र आता हिवाळी पाळीही चालवते आहे. दिल्लीत काटकसरीची टूम निघाली, तर पहिली कात्री या पाळीला लागू नये.