विश्लेषण : साध्या तापाला ‘पॉवरची गोळी’ कशाला? मावळातील ओपीडी आणि अँटिबायोटिकचा हिशेब

पावसाची झड लागली की लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगावच्या दवाखान्यांत गर्दी वाढते. सर्दी, खोकला, घसादुखी, कणकण, जुलाब अशाच बहुतेक तक्रारी. यातले बरेच आजार विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविकांचा, म्हणजेच अँटिबायोटिक गोळ्यांचा, काडीचाही उपयोग नसतो. तरीही दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या अनेकांच्या हातात तीन किंवा पाच दिवसांचा ‘डोस’ असतोच. जनजागृती करा, हे यावरचे ठरलेले उत्तर. पण प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही. दोन दिवस थांबून पाहण्याची किंमत कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे. आणि आज ती एकट्या रुग्णाच्या माथी येते.

एका गोळीने बिघडते काय?

प्रतिजैविक जिवाणू मारते, विषाणूंना नाही. सर्दीत घेतलेली गोळी पोटातल्या, त्वचेवरच्या निरुपद्रवी जिवाणूंवर चालते. दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि वाढतात. हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. पुढे त्याच माणसाला, किंवा त्याच्या घरातल्या एखाद्याला, लघवीचा किंवा फुप्फुसाचा खरा जंतुसंसर्ग झाला की नेहमीच्या गोळीचा गुण येत नाही. मग इंजेक्शन, मग दाखल होणे, मग बिल. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात १२.७ लाख मृत्यू थेट अशा जिवाणूंमुळे झाले. भारताचा वाटा सुमारे तीन लाखांचा.

गोळी कोणती, यालाही महत्त्व आहे. भारतातील खासगी बाजारात २०१९ मध्ये प्रतिजैविकांच्या सुमारे ५०७ कोटी दैनिक मात्रा खपल्या, असे एका अभ्यासात दिसले. त्यात पहिल्या क्रमांकावर होती ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि दुसऱ्या क्रमांकावर सेफिक्झिम २००. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे ‘ॲक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ असे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातली औषधे आधी वापरायची, दुसऱ्या गटातली जपून, तिसऱ्या गटातली अगदी अखेरीस. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या या दोन्ही गोळ्या जपून वापरायच्या ‘वॉच’ गटातल्या आहेत.

पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबादेत २०१६ मध्ये टायफॉईडचा असा प्रकार आढळला, की तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपैकी ॲझिथ्रोमायसिन हीच काय ती भरवशाची उरली. नेमकी तीच गोळी आपल्याकडे ‘घसा बसलाय, एक ॲझी द्या’ म्हणून काउंटरवर मागितली जाते.

रुग्ण घाई का करतो?

तळेगाव एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचा एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. भातलावणी ऐन भरात असताना आंदर मावळातल्या किंवा पवन मावळातल्या बाईने ‘दोन दिवस आराम करा’ हा सल्ला ऐकायचा तरी कसा? लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि चिक्कीच्या दुकानांत शनिवार-रविवार हेच तर कमाईचे दिवस. या माणसांना ताप आजच उतरायला हवा असतो. विषाणूजन्य ताप तीन-चार दिवसांत बहुधा आपोआप उतरतो. पण मधल्या काळात गोळी घेतलेली असली, तर श्रेय गोळीला जाते. पुढच्या वेळी तोच माणूस तीच गोळी नावाने मागतो.

डॉक्टरची अडचणही खोटी नाही. दारात तीस-चाळीस माणसे बसलेली असताना ‘हा विषाणूचा ताप आहे, गोळीची गरज नाही’ हे पटवून द्यायला पाच-सात मिनिटे लागतात. चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट पुरते. औषध न देणाऱ्याच्या हाताला गुण नाही, असे गावात ठरायलाही वेळ लागत नाही. रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो. शिवाय धास्ती असतेच, हाच ताप उद्या न्यूमोनिया निघाला तर?

राज्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत. पण तिथल्या ओपीडीच्या वेळा पाळीत राबणाऱ्याच्या वेळेशी जुळतातच असे नाही. रात्री आठला उघडा दिसतो तो खासगी दवाखाना. तोही बंद असेल, तर मेडिकल.

‘टायफॉईड निघाला’ म्हणजे काय?

ओपीडीतल्या अनावश्यक प्रतिजैविकांचा एक मोठा रस्ता लॅबमधून जातो आणि त्यावर फारसे बोलले जात नाही. ताप आला की विडाल चाचणी, रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’, की लगेच टायफॉईड आणि त्यामागोमाग इंजेक्शनांचा कोर्स, असा शिरस्ताच पडून गेला आहे. विडाल चाचणी जिवाणू शोधत नाही; शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे मोजते. ती आधी कधी होऊन गेलेल्या आजाराची किंवा लसीचीही असू शकतात. टायफॉईड जिथे नेहमीचा आहे, तिथे एकाच विडालवर निदान करणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

भरवशाची तपासणी आहे रक्ताच्या कल्चरची. तिला दोन-तीन दिवस किंवा अधिक लागतात, खर्च जास्त येतो आणि महत्त्वाचे म्हणजे रक्त पहिल्या गोळीच्या आधी घ्यावे लागते. आधी गोळी आणि चार दिवसांनी तपासणी असा उलटा क्रम झाला, तर जिवाणू सापडण्याची शक्यता घटते. घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या नवी मुंबईने २०१८ मध्ये महापालिकेमार्फत एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉईडची नवी संयुग्म लस दिली होती. खरा टायफॉईड कमी झाला, की संशयाने दिलेली औषधेही कमी होण्याला वाव मिळतो.

कायदा नाही का?

आहे की. प्रतिजैविक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पट्टीवरची लाल उभी रेघ त्याचीच खूण. त्याहून कडक ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यातील औषध विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. सेफिक्झिम या यादीत आहे. पण २०१३ च्या मूळ अधिसूचनेतील ४६ औषधांत ॲझिथ्रोमायसिन नव्हते! सर्वाधिक खपाची गोळीच कडक नोंदीच्या बाहेर ठेवून घातलेले कुंपण किती राखण करणार, हे वेगळे सांगायला नको.

१ जानेवारी २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी पत्र काढले. प्रतिजैविक लिहिताना ते कशासाठी दिले, याचे नेमके कारण चिठ्ठीवर लिहावे, असे आवाहन त्यात होते. विचार उत्तम. पत्र मात्र मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना उद्देशून होते. औषध विक्रेत्यांना वेगळे आवाहन. नाणे मावळातल्या वाडीवरचा माणूस वैद्यकीय महाविद्यालयात ताप दाखवायला जात नाही. तो जवळच्या दवाखान्यात जातो आणि तिथे बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर असतात. त्यांनी ॲलोपॅथीची औषधे द्यावीत की नाही, यावर राज्यात वर्षानुवर्षे वाद झडत आहेत. वाद चालू राहो. पण गावातल्या ओपीडीचा भार त्यांच्यावर आहे हे मान्य करून प्रशिक्षण आणि मार्गदर्शिका त्यांच्या टेबलापर्यंत पोहोचवल्या नाहीत, तर दिल्लीतले कुठलेही पत्र घाटमाथ्यावर पोहोचणार नाही.

मग ताप अंगावर काढायचा?

मुळीच नाही. इथे मावळाचा भूगोल लक्षात घ्यावा लागतो. भातखाचरातल्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, गवता-झुडपांत वावरणाऱ्याला स्क्रब टायफसचा. या दोन्ही तापांत प्रतिजैविक वेळेवर मिळणे हाच जीव वाचवणारा उपाय, आणि औषधही बहुधा महागडे नसते. डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त, ‘ॲक्सेस’ गटातली गोळी. म्हणून डॉक्टरने ‘शेतात उतरला होता का?’ हे विचारणे कुठल्याही ‘पॉवरच्या’ गोळीपेक्षा मोलाचे. लहान मुलाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, कुणाला तापात गुंगी येत असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर थांबायचेच नाही. साध्या जुलाबावर मात्र मुलांना ओआरएस आणि झिंक हेच औषध.

‘कोर्स पूर्ण करा’ या घोषणेतही थोडी दुरुस्ती हवी. डॉक्टरने सांगितलेला कोर्स मनाने मध्येच सोडू नये, हे खरेच. पण कोर्स लांबलचक असला म्हणजे चांगला, असे नाही. आयसीएमआरच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी दवाखान्याबाहेर झालेल्या न्यूमोनियाला आणि त्वचेच्या संसर्गाला पाच दिवस पुरेसे मानले आहेत. किरकोळ तापाला आणि विषाणूजन्य ब्राँकायटिसला तर प्रतिजैविक टाळा, असेच सांगितले आहे. उरलेल्या चार गोळ्या डब्यात जपून पुढच्या तापाला घेणे, ही घरोघरीची सवय मात्र मोडायलाच हवी.

मावळात काय करता येईल?

पहिली गोष्ट बिनखर्चाची आहे. चिठ्ठीवर एका ओळीत कारण लिहायचे : ‘न्यूमोनियाचा संशय’, ‘लघवीचा संसर्ग’. ‘सर्दी’ लिहून त्यापुढे ॲझिथ्रोमायसिन लिहिताना पेन आपोआप अडखळते. दुसरी पद्धत ब्रिटनमध्ये रुळली आहे. डॉक्टर चिठ्ठी देतात, पण दोन-तीन दिवसांत बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला तरच औषध घ्या, असे सांगतात. खाड्याची चिंता असलेल्या माणसाला ही पद्धत मानवेल, कारण पुन्हा रांग नाही, पुन्हा फी नाही. मात्र ती चालायची, तर मेडिकलवाल्यानेही तारीख पाळायला हवी. दुसऱ्या भेटीची फी माफ करणारे डॉक्टर असतात. तो अपवाद न राहता रिवाज झाला, तर थांबण्याची किंमत थोडी तरी वाटली जाईल. कारखान्यांनी तापाची दोन दिवसांची भरपगारी रजा कंत्राटी कामगारालाही दिली, तर त्याचा उपयोग शंभर भित्तिपत्रकांहून अधिक.

केरळने २०१८ मध्ये राज्याचा कृती आराखडा केला, २०२४ मध्ये चिठ्ठीविना विकणाऱ्या दुकानांवर ‘ऑपरेशन अमृत’ नावाने अचानक तपासण्या सुरू केल्या आणि प्रतिजैविके निळ्या पाकिटातून द्यायला लावली. कोझिकोडजवळच्या कक्कोडी या गावचे आरोग्य केंद्र तिथले पहिले ‘अँटिबायोटिक स्मार्ट’ केंद्र ठरले. ते काही मोठे रुग्णालय नव्हे. कार्ला किंवा खडकाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखेच गावपातळीवरचे केंद्र.

लोणावळा-पुणे लोकल पिंपरीत थांबते. तिथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशातली पेनिसिलिनची पहिली सरकारी निर्मिती सुरू झाली. पिंपरी आज मावळ लोकसभा मतदारसंघातच येते. तेव्हा अडचण होती ती औषध मिळत नाही ही. आता लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंत जवळपास प्रत्येक स्थानकाबाहेरच्या मेडिकलमध्ये ते मिळते. त्या दुकानांतल्या ‘एच-१’ नोंदवह्या तपासण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांना आहे, आणि पुढच्या झडीआधी त्यांची एक फेरी व्हायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.