रुळांच्या कडेचे स्वस्त घर

ऊस कारखान्याला गेला, बिल खात्यावर जमा झाले, की पुष्कळ घरांत एकच विषय निघतो. मुले मोठी झाली, गावातली शाळा सातवीपर्यंतच. तालुक्याच्या गावी चार खोल्या घ्याव्यात, म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याचीही सोय होईल. मग दौंड, कुर्डुवाडी, मनमाड, मिरज अशा रेल्वेच्या गावांत शोध सुरू होतो आणि दलाल एक घर हमखास दाखवतो. भिंती भक्कम, दारात लिंब, नळ आलेला, आणि भाव शेजारच्या आळीपेक्षा उतरता. मागचे दार उघडले की समोर रूळ.

असे घर वाईटच असते असे मुळीच नाही. कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे सुखाने नांदतात. पण आपण घर पाहायला जातो ते सकाळी अकराच्या सुमारास, उन्हाळ्यात, आणि चहा घेऊन परततो. या घराचे खरे रूप दिसते रात्री दोनला आणि भर पावसाळ्यात. विसार देण्याआधी या दोन्ही वेळा गाठा.

आधी रात्रीचे बोलू. त्या आळीत कोणी पाहुणा-सोयरा असेल तर त्याच्याकडे दोन रात्री मुक्काम करा. एकट्या कारभाऱ्याने जाऊ नये. घरातल्या बाईला आणि जमल्यास म्हातारीलाही न्यावे, कारण दिवसरात्र त्या घरात त्याच राहणार आहेत. प्रवासी गाडी झपकन निघून जाते. जमीन हादरवते ती मालगाडी. पन्नासाच्या वर भरलेल्या वाघिणी जाताना फळीवरची भांडी वाजतात का, ते ऐका. स्टेशनजवळ मालगाड्या बाजूच्या लाइनीवर थांबतात आणि निघताना एकेका वाघिणीला हिसका बसत जातो. तो आवाज वेगळाच असतो.

आणखी एक खूण दिवसा पाहून ठेवा. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेले असते. म्हणजे सीटी, फाटक. ही पाटी फाटकाच्या साधारण ६०० मीटर अलीकडे असते आणि तिथून फाटक ओलांडेपर्यंत गाडीचा चालक शिट्टी देत येतो. तुमचे घर पाटी आणि फाटक यांच्या मधल्या पट्ट्यात असेल, तर प्रत्येक गाडी तुमच्या उशाशी शिट्टी वाजवणार. हेच घर अर्धा मैल पलीकडे असते तर गोष्ट निराळी झाली असती. सवय होते, असे सगळे सांगतात. होते खरी, पण ज्याला सवय झाली तो तिथे राहून सांगतो, ज्याला झाली नाही तो घर विकायला काढतो!

कोळशाच्या इंजिनाच्या काळात वाळत घातलेले पापड-कुरडया काळ्या व्हायच्या. तो त्रास आता गेला. त्याच्या जागी डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आली. मागच्या अंगणात लांब लोखंडी गज, शिडी किंवा पतंगाचा ओला दोरा यांचा खेळ नको, एवढे मुलांना बजावून ठेवावे.

भिंतींच्या भेगा पाहायला गवंडी बरोबर न्या. काळ्या मातीत पाया उथळ असला तर आसपास रूळ नसतानाही भिंत तडकते; माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दिसेल ती भेग रेल्वेच्या माथी मारू नका, आणि नुकत्याच दिलेल्या रंगाखाली बुजवलेली भेग सोडूही नका.

आता पावसाळा. रुळांचा भराव म्हणजे शिवारात घातलेला लांबच लांब बांधच. पाणी अडते ते बांधाच्या वरच्या अंगाला, आणि वाट काढते ती मोरीतून. घर कोणत्या अंगाला आहे, जवळची मोरी कुठे आहे, ती गाळाने भरली आहे का, हे चालत जाऊन पाहा. शेजारच्या घरांच्या भिंतींवर ओलीची रेघ किती उंच गेली आहे ते पाहिले तर कोणाला विचारायचीही गरज पडत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वाटेची. शाळा, बाजार, पिठाची गिरणी रुळांच्या अलीकडे आहे की पलीकडे? पलीकडे असेल तर रोज चार वेळा रूळ ओलांडणे आले. ब्रॉडगेज मार्गांवरची बिनराखणीची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत सगळी बंद झाली. राखणीच्या फाटकांच्या जागीही अनेक ठिकाणी पूल किंवा कमी उंचीचे भुयारी मार्ग झाले. अपघात टळले, ही मोठीच गोष्ट. पण अशा भुयारात पावसाळ्यात पाणी साचते आणि उसाने किंवा कडब्याने उंच भरलेली ट्रॉली त्यातून जात नाही. मग गाडीला लांबचा वळसा, आणि पायी माणसाला मोह होतो तो सरळ रुळांवरून जाण्याचा. तो कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दहा वर्षांचे पोर शाळेला उशीर झाला म्हणून उभ्या मालगाडीखालून वाकून जाते, आणि गाडी केव्हा हलेल हे त्याला कोण सांगणार? घरापासून शाळेपर्यंत स्वतः चालून पाहा. सुरक्षित वाट दूर असेल आणि मुले लहान असतील, तर माझे मत स्पष्ट आहे: ते घर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

या कसोटीला घर उतरले, तर कागदांकडे वळा. मागची मोकळी जागा दाखवून विकणारा म्हणेल, ‘ही आपलीच.’ ती बहुधा रेल्वेची निघते. कधी कधी न्हाणीघर, गोठाही रेल्वेच्या जागेत गेलेला असतो. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा कराचा असतो, मालकीचा नव्हे. गावठाणात मालमत्ता पत्रक, बाहेर सातबारा. त्यातले फेरफार आणि इतर हक्कांचा रकाना वाचून घ्या. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत नवे बांधकाम करताना रेल्वेचे ना-हरकत पत्र लागते. हे अंतर रुळांपासून मोजायचे नसून हद्दीपासून मोजायचे असते, म्हणून वर एक मजला चढवायचा बेत असेल तर आधीच चौकशी करा.

भाव उतरता असण्याचे आणखी एक कारण असू शकते. पुणे-मिरज, दौंड-मनमाड या मार्गांचे दुहेरीकरण, मनमाड-भुसावळची तिसरी लाइन अशी कामे हाती घेतली गेली, तेव्हा रुळांकडेच्या जमिनींचा प्रश्न आलाच. विशेष रेल्वे प्रकल्पांसाठी २००८ पासून रेल्वे कायद्यातच भूसंपादनाची तरतूद आहे. राजपत्रात अधिसूचना निघते, तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो आणि ३० दिवसांत हरकत घेता येते. तुम्ही घर घेण्याआधीच ती मुदत उलटलेली असेल तर पुढचे हेलपाटे तुमच्या वाट्याला येतील. म्हणून घराचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या आणि प्रांताच्या कचेरीत भूसंपादनाच्या टेबलावर त्याची चौकशी करा.

सौदा ठरलाच तर विसार पावतीत एक ओळ घालून घ्या: सरकारी मोजणी होऊन हद्द कायम झाल्याशिवाय उरलेली रक्कम देणार नाही. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात मालकाच्या नावाने करावा लागतो, तेव्हा विकणाऱ्याची सही आधीच घ्या. मोजणीच्या दिवशी घरातले एक जाणते माणूस हजर ठेवा, आणि खुणा जिथे पडतील तिथे त्याच दिवशी दगड रोवून चुना मारा.