इफ्तारचा पहिला घोट

वसईत खायला कुठे जावे, हा प्रश्न मुंबईहून येणारे पाहुणे नेहमी विचारतात. रमजानमध्ये तो जरा जास्तच विचारला जातो. उत्तर सोपे आहे. असरची नमाज झाली की नालासोपारा पश्चिमेला सोपारा गावाकडे वळावे, किंवा वसई गावात मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरावे. समोसे, कांदाभजी, सीखकबाब, मालपुवा, मातीच्या वाटीतली फिरनी, सगळे तिथे मिळते. कढईभोवती उभ्या असलेल्या गर्दीत रोजेदार जितके, तितकेच रोजा नसलेलेही असतात. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

या गावाची खरी चव मात्र बाजारात कमी आणि घरात जास्त आहे. कोकणी मुसलमानांच्या घरचे सांदण, वाडवळांची उकडहंडी, ख्रिस्ती घरांतले फुगे आणि हातावर थापलेली तांदळाची भाकरी, अर्नाळा आणि पाचूबंदरच्या कोळ्यांकडची सुकट नि बोंबील. यांतले बरेचसे हॉटेलात मिळतच नाही. शेजारी ओळखीचा असेल तरच मिळते. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी तर वसईची खास खूण. मदिनेचा खजूर आणि आगाशीची सुकेळी इफ्तारच्या एकाच ताटात ठेवणारी घरे इथे आहेत, आणि दोन्ही संपायला सारखाच वेळ लागतो.

2025 मध्ये तर सगळ्यांचे उपवास एकमेकांच्या हातात हात घालून आले. 2 मार्चला पहिला रोजा झाला आणि 5 मार्चला राखेच्या बुधवारी ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ सुरू झाला. 30 मार्चला गुढीपाडवा होता, आणि दुसऱ्याच दिवशी ईद. एकाच आळीत एका घरी शुक्रवारी मांस शिजत नव्हते, दुसऱ्या घरी दिवसभर चूल पेटत नव्हती आणि तिसऱ्या घरी श्रीखंडासाठी चक्का बांधायची तयारी चालू होती. असे गाव शोधून सापडणार नाही.

पण रोजा समोशाने सुटत नाही. तो सुटतो खजुराने आणि पाण्याच्या घोटाने. खजूर नसला तर नुसत्या पाण्यानेही सुटतो. पावणेसातच्या सुमारास मगरिबची अजान होते आणि दिवसभर कोरडा पडलेला घसा त्या एका घोटाची वाट पाहत असतो. खायला कुठे जावे याची शंभर उत्तरे या शहराकडे आहेत. प्यायला कुठे जावे, याचे उत्तर मात्र टँकरवाल्याचा फोन नंबर हे असते.

वसई-विरारला पाणी येते ते सूर्या प्रकल्पाच्या धामणी धरणातून, उसगाव आणि पेल्हारमधून. सूर्या प्रादेशिक योजनेतून शहराला दररोज 185 दशलक्ष लिटर वाढीव पाणी मंजूर झाले, तेव्हा कोरडे दिवस संपले असे अनेकांना वाटले. काही भागांना दिलासा मिळालाही. पण नालासोपारा पूर्वेच्या चाळींत आणि नव्या वस्त्यांत अजूनही पहाटे सहरीच्या वेळी बाईचा पहिला विचार भाकरीचा नसतो, तो पिंपाचा असतो. नळ आज येणार की उद्या, हे तिला सहरीच्या वेळेपेक्षा जास्त काटेकोर पाठ असते. ज्यांच्या इमारतीला पुरेसे पाणी नाही ते टँकर मागवतात. ज्यांना टँकर परवडत नाही ते बाटलीबंद जार घेतात. आणि ज्यांना जारही परवडत नाही ते मिळेल ते पितात.

ही टंचाई आभाळातून पडलेली नाही. वसईत पाऊस कोकणातल्यासारखाच कोसळतो, इतका की दर पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात. कमतरता पाण्याची नाही, पाणी धरून ठेवण्याची आहे. जुन्या वसईला हे कळत होते. समुद्राला लागून असलेल्या पश्चिम पट्ट्यात वाडीवाडीत बावखले होती. पावसाचे पाणी या तळ्यांत साठायचे, हळूहळू जमिनीत मुरायचे आणि त्यावर केळी, पानवेली, फुलझाडे जगायची. याहून मोठी गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती. जमिनीखाली साठलेले हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नव्हते. बावखले बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, विहिरी आणि बोअर दिवसरात्र उपसल्या गेल्या, तशा किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होत गेल्या. सुकेळीची केळी ज्या पाण्यावर वाढली, ते पाणीच गेले तर ताटातली सुकेळी किती दिवस राहणार?

हा धोका कुणी सांगितला नव्हता असे नाही. हरित वसई संरक्षण समितीने वसईचा हिरवा पट्टा आणि त्याखालचे पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. त्याचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि 25 जुलै 2024 रोजी वसईने त्यांना निरोप दिला. पाणी हा धर्मगुरूचा विषय आहे का, असे तेव्हा काही जण विचारत. तो धर्मगुरूचाच विषय आहे, हे वसईला उशिरा समजले.

इस्लामच्या पहिल्या दिवसांतही पाण्याचा प्रश्न धर्माच्या दाराशी आला होता. हिजरतीनंतर मदिनेत रूमा नावाची गोड्या पाण्याची विहीर होती आणि तिचे पाणी विकत घ्यावे लागे. ही विहीर कोण खरेदी करून लोकांना खुली करील, असे पैगंबरसाहेबांनी विचारले. हजरत उस्मान पुढे झाले. त्यांनी ती विकत घेतली आणि श्रीमंत, गरीब, मुसाफिर सर्वांसाठी वक्फ केली. पाणी विकणाऱ्याचा बाजार त्या दिवशी बंद झाला. वसईतल्या मुसलमानाने रमजानात आठवावी अशी याहून जवळची गोष्ट दुसरी नाही.

ही परंपरा एकट्या मुसलमानांची नाही. सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी रस्त्याकडेला विहिरी खोदल्याचे आणि झाडे लावल्याचे लिहिले आहे. आणि मार्च महिन्याच्या 20 तारखेला, 1927 साली, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवले. त्या तळ्यावर मुसलमानांना पाणी मिळत होते, ख्रिश्चनांना मिळत होते, मिळत नव्हते ते अस्पृश्यांना. ज्यांना तेव्हा पाणी मिळत होते त्यांच्या वारसांनी ही गोष्ट विसरू नये.

म्हणून आधी स्वतःच्या अंगणात पाहायला हवे. पैगंबरसाहेब एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वजू करत. आजच्या वजूखान्यात नळ सोडून एक माणूस बादलीभर पाणी सहज वाहू देतो, आणि त्याच नमाजीच्या घरी बायको हंडा घेऊन रांगेत असते. वजूचे पाणी साबणाचे नसते, घाण नसते. ते गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात किंवा झाडांना सोडणे हे एका रविवारचे काम आहे. इफ्तार पार्ट्यांचे फलक चौकाचौकांत लागतात, पुढाऱ्यांचे फोटो खजुरापेक्षा मोठे असतात, आणि मागे उरतो अर्धवट प्यालेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग. त्याऐवजी तेवढ्या पैशांत एक बावखल गाळमुक्त झाले, एक बंद पडलेली विहीर साफ झाली, रिक्षा स्टँडजवळ एक सबील उभी राहिली, तर तो सवाब पुढची कित्येक वर्षे वाहत राहील.

पालिकेनेही तिचे काम करावे. उरलेली बावखले मोजून त्यांची नोंद करावी, ती बुजवण्याला परवानगी देऊ नये, आणि कोणत्या वस्तीला आठवड्यात किती तास पाणी मिळते हे उघड फळ्यावर लिहावे. सूर्याचे पाणी मुळात पालघर-डहाणूच्या शेतीसाठी अडवले होते. ते शहराला देताना धरणालगतच्या आदिवासी पाड्यांची घागर रिकामी राहिली, तर त्या पाण्याने सोडलेला रोजा कुणाच्या गळ्याखाली सुखाने उतरेल?

सोपाऱ्याच्या गल्लीत पाहुण्यांनी जरूर यावे, मालपुवा खावा, कोळणीकडून सुकट घ्यावी, होळी बाजारातून केळी न्यावीत. पाडव्याला शेजाऱ्याच्या घरचे श्रीखंड खावे, ईदला त्याला शिरखुर्मा द्यावा. वसई ताट वाढून देण्यात कधीच कमी पडली नाही. आता तिने ताटाशेजारच्या तांब्याचा विचार करावा. तहानलेल्या माणसाला पाणी देताना कुणी त्याला तुझा उपवास कोणता, असे विचारत नाही. तांब्या भरलेला असला म्हणजे झाले.